बाळाच्या किडनीचं ऑपरेशन : ओपन की दुर्बिणीतून?

प्रश्न : माझा मुलगा ९ महिन्यांचा आहे. गरोदरपणात सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीतच त्याच्या डाव्या किडनीला सूज असल्याचं कळलं होतं. जन्मानंतर पहिल्या स्कॅनमध्ये त्या किडनीचं काम ४४ टक्के आलं, आता ३२ आलंय. एक सर्जन ओपन ऑपरेशन करू म्हणतात, दुसरे दुर्बिणीतून. सासूबाईंना वाटतं, एवढ्याशा जिवाला कापूच नये, थोडं थांबावं. नवऱ्याचा आग्रह दुर्बिणीचा. मला रात्र रात्र झोप येत नाही. — एक आई

उत्तर : ताई, तुमच्या घरातली चर्चा चिऱ्यावर अडलीय, आणि मला काळजी वाटतेय ती त्या ३२ या आकड्याची. म्हणून आधी तेच.

दोन्ही किडन्यांचं मिळून काम १०० धरलं, तर डावीचा वाटा साधारण निम्मा हवा. तो ४० च्या खाली गेला, किंवा आधीच्या स्कॅनपेक्षा १० हून जास्त उतरला, की आम्ही सहसा थांबत नाही. तुमच्या बाळाच्या बाबतीत दोन्ही झालंय. नुसती सोनोग्राफीत सूज दिसत असती आणि काम टिकून असतं, तर मीही थांबायलाच सांगितलं असतं. पोटात असताना दिसलेली अशी सूज पुष्कळ बाळांत आपोआप ओसरते. सासूबाईंचं म्हणणं त्या बाळांसाठी अगदी बरोबर आहे. तुमच्या बाळाची थांबायची वेळ मात्र संपली. उद्याच पळायला नको, पण महिने घालवू नका. मधल्या काळात ताप आला तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या.

‘सूज’ हा शब्दही जरा फसवाच. किडनीतून लघवी मूत्रवाहिनीत जिथे उतरते, तो सांधा जन्मतःच अरुंद असतो. लघवी पुढे सरकत नाही, किडनीच्या तोंडाशी असलेली पिशवी फुगत जाते आणि त्या दाबाखाली किडनी हळूहळू काम सोडते. ऑपरेशनमध्ये तो अरुंद तुकडा कापून टाकायचा, मूत्रवाहिनीचं तोंड उभं चिरून रुंद करायचं आणि पिशवीला पुन्हा शिवायचं. ही पद्धत अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये मांडली. मुलांमध्ये ती दुर्बिणीतून करायला १९९० च्या दशकात सुरुवात झाली. आत शिरायची वाट बदलली, शिवण तीच राहिली. सरावलेल्या हातांत दोन्ही वाटांनी शंभरातली नव्वदहून जास्त मुलं बरी होतात.

आता चिरा. ९ महिन्यांच्या बाळाला बरगडीखाली दोन-तीन सेंटिमीटरचा चिरा पुरतो. तेवढ्यातून पोटाच्या पोकळीत न शिरताही किडनीपर्यंत पोचता येतं. दुर्बिणीसाठी सहसा तीन छिद्रं, प्रत्येकी ३ ते ५ मिलिमीटरची. त्यांची बेरीज करून बघा, फरक किती उरतो ते. वर पोटात वायू भरून जागा करावी लागते, आणि या वयात ती जागा फार थोडी असते. मूत्रवाहिनी पेनातल्या रिफिलसारखी, धागा केसाएवढा. तिथे लांब दांड्याच्या हत्यारांनी एकेक टाका घालायचा म्हणजे वेळ जास्त, भूल जास्त. उत्तम करणारे सर्जन आहेत, मी त्यांचं काम जवळून पाहिलंय. पण तान्ह्या बाळासाठी ओपन म्हणजे जुनाट, असं मनात आणू नका. मी स्वतः दोन्ही करते आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बहुतेक वेळा ओपनच करते.

एक गोष्ट सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाळाच्या आईवडिलांना मी ‘फक्त तीन भोकं’ असं सांगून बसले होते. आत गेल्यावर सांध्याला ताण येत होता, टाका धरेना. तरी शब्द दिलाय म्हणून मी तासभर ओढत राहिले. शेवटी ओपन केलं आणि जोड नीट बसला. मूल बरं झालं, पण तो तासभर जास्तीची भूल त्याला माझ्या शब्दापायी मिळाली, हे मला अजून खुपतं. तेव्हापासून दुर्बिणीचं ठरलं तरी मी आधीच सांगते : गरज पडली तर ओपन करीन, आणि ते बाळाच्या भल्यासाठी असेल.

म्हणून दोन्ही सर्जनना एकच विचारा : ‘एवढ्या लहान बाळांत तुम्ही स्वतः कोणती पद्धत नेहमी करता?’ मोकळेपणी विचारा, चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

आणि स्टेंट विसरू नका. जोड सुकेपर्यंत आत बारीक नळी ठेवली, तर ती साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढावी लागते. बहुधा लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, थोडी भूल देऊन. (ती दुर्बीण वेगळी, पोटाला छिद्र नाही.) तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. राहून गेलेल्या स्टेंटवर खडे धरलेले मी पाहिलेत. पुढच्या सोनोग्राफीत किडनी थोडी फुगलेलीच दिसेल, घाबरू नका. पिशवी आकसायला महिने लागतात. काम टिकलंय की नाही, ते स्कॅन सांगेल.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची. अधूनमधून कुशीत जोरात दुखतं, उलट्या होतात, दोन दिवसांनी सगळं थांबतं. सोनोग्राफीत फारसं काही येत नाही. आता किडनी आणि मूत्रवाहिनीच्या सांध्यावरून रक्तवाहिनी जाते असं निघालंय आणि दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलंय. करावं का? — एक बाबा

उत्तर : हो, इथे मी दुर्बिणीच्या बाजूने आहे. या वयात पोटात जागा असते. ओपनचा चिरा मोठा होतो, स्नायूंतून जावं लागतं आणि दुखणंही जास्त दिवस राहतं. सांध्यावर दाब देणारी ती रक्तवाहिनी किडनीच्या खालच्या भागाला रक्त पुरवते, म्हणून ती कापत नाहीत; मूत्रवाहिनी सोडवून घेतात आणि रक्तवाहिनीच्या पुढच्या बाजूने पुन्हा जोडतात. दुर्बिणीतून हे सगळं मोठं आणि स्पष्ट दिसतं.

ऑपरेशनच्या आधी पुन्हा दुखलं, तर दुखत असतानाच सोनोग्राफी करून घ्या. कळ ओसरली की सूजही ओसरते, म्हणूनच तुमचे आधीचे रिपोर्ट चांगले आले.