किरचॉफचे नियम पाठ आहेत, तरी नवा परिपथ सुटत नाही; किती उदाहरणे सोडवावीत?

नियम आणि प्रमेये पाठ असूनही परीक्षेत अनोळखी परिपथ आला की हात थांबतो, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते उदाहरणांची संख्या हा मुद्दाच नाही.

दुसऱ्या वर्षाच्या एका प्रात्यक्षिकात १० व्होल्टच्या पुरवठ्याला दोन सारखे रेझिस्टर (रोधक) एकसरीत, म्हणजे एकापुढे एक, जोडून प्रत्येकावरील व्होल्टेज मोजायचे होते. १ किलोओहमचे रेझिस्टर आमच्या गटापर्यंत येईतो संपले, म्हणून आम्ही तपकिरी-काळा-हिरवा रंगपट्ट्यांचे, म्हणजे १ मेगाओहमचे घेतले. गुणोत्तर तेच असल्यामुळे उत्तर बदलण्याचे कारण आम्हाला दिसले नाही. मीटरने एकावर ४.७६ व्होल्ट दाखवले आणि दुसऱ्यावरही ४.७६. किरचॉफच्या नियमानुसार दोन्हींची बेरीज पुरवठ्याइतकी यायला हवी; ती ९.५२ आली, पुरवठा मात्र पुन्हा मोजला तरी १० च भरला. सरांनी जर्नल पाहून सांगितले की किरचॉफ चुकत नाही, तुमचे रीडिंग चुकले आहे, खोडून ५ आणि ५ लिहा. टॉलरन्समुळे, म्हणजे रेझिस्टरची खरी किंमत छापील किमतीहून थोडी वेगळी असल्यामुळे, वाटणी बदलेल, बेरीज कशी बदलेल, एवढेच मी विचारले, तर जर्नलवरची सही अडली. शेवटी मी ५ आणि ५ लिहिले. त्याची बोच आजही आहे.

उत्तर त्याच रात्री वसतिगृहात मिळाले. आमच्या मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम होता. मीटरच्या दोन टोकांकडून पाहिले तर उरलेला सगळा परिपथ म्हणजे ५ व्होल्टचा स्रोत आणि त्याच्याशी एकसरीत ५०० किलोओहम. त्यावर मीटरचा भार पडला की ५ गुणिले १० भागिले १०.५, म्हणजे ४.७६. नियम कुठेच मोडला नव्हता. मीटर एका वेळी एकाच रेझिस्टरवर असतो, त्यामुळे आम्ही दोन वेगळ्या परिपथांतील आकडे एकत्र मिळवले होते. भार काढा, स्रोत शॉर्ट करा, ही कृती मी तोवर अनेकदा केली होती, पण १८८३ साली थेवेनिन या तारखात्यातील अभियंत्याने मांडलेले प्रमेय, म्हणजे दोन टोकांकडून पाहिलेला असा परिपथ एक स्रोत आणि एक रोध एवढाच मानता येतो हे, मला कळले ते त्या रात्री.

म्हणून सांगते, दहाच परिपथ घ्या, पण प्रत्येक नोड (जोडबिंदूंची व्होल्टेज अज्ञात धरून) आणि मेश (बंद वळशांतील प्रवाह अज्ञात धरून) अशा दोन्ही पद्धतींनी सोडवा, आधी कोणत्या पद्धतीत समीकरणे कमी येतील ते मोजा, आणि आकडे घालण्यापूर्वी उत्तराचा अंदाज लिहून ठेवा. थेवेनिनचा रोध काढताना अवलंबी स्रोत (परिपथातल्याच दुसऱ्या व्होल्टेजवर किंवा प्रवाहावर ज्याची किंमत ठरते तो) असेल तर तो शून्य करू नका. बाहेरून चाचणीचा स्रोत लावून रोध काढा. आणि कोणी कितीही सांगितले तरी खरे रीडिंग खोडू नका. न जुळणारा आकडा जर्नलमध्ये ठेवा आणि शेजारी कारण लिहा. किरचॉफने आपले नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा तो स्वतः विद्यार्थीच होता, आणि त्याच्या नावाने विद्यार्थ्याला गप्प बसवणे मला तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही.

अर्थात, लेखी परीक्षेत वेग लागतो आणि तो सरावानेच येतो, हे मला मान्य आहे. शिवाय वरचा प्रयोग करून पाहणार असाल तर आधी मीटरची माहितीपुस्तिका पाहा, कारण काही स्वस्त मीटरचा रोध १ मेगाओहमच असतो आणि त्यावर दोन्ही वेळा ३.३३ व्होल्टच दिसतील.