पानं लाल कशी होतात, आणि बघायला जायचं कुठे?

प्रश्न : फॉल कलर्स, म्हणजे पानगळीआधी पानांचे बदलणारे रंग, बघायला जायचंय. काही झाडं पिवळी, काही एकदम लालभडक, असं का? आणि नेमकं कधी जावं?

उत्तर : पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो हो, फक्त हिरव्या क्लोरोफिलखाली दबलेला, दिवस लहान व्हायला लागले की झाड क्लोरोफिल बनवणं थांबवतं आणि मग तो दिसायला लागतो. लाल मात्र नवीन तयार होतो, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण हिम पडलं की खेळ खलास. मेपलचं एखादं पान उचलून बघा, वरच्या पानाची सावली पडलेली तेवढी जागा बऱ्याचदा पिवळीच राहिलेली असते!

जायचं तर अमेरिकेतली व्हर्माँट, न्यू हॅम्पशायर ही राज्यं ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, काश्मीरचे चिनार ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात, जपानमधलं क्योटो नोव्हेंबरअखेर. माझं मत विचाराल तर क्योटो, पण गर्दी प्रचंड असते, सकाळी लवकर गाठा. तारखा दरवर्षी थोड्या मागेपुढे होतात त्यामुळे बुकिंग कॅन्सल करता येईल असंच करा.