नाशकात एकटं राहताना

आधी पोटाचं बघ. मेसचे पैसे महिन्याचे एकदम भरू नकोस, चार दिवस डबा चाखून मग ठरव. रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असतात, म्हणून तीन लिटरचा कुकर घेऊन ठेव. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, हळद-मीठ, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या. मोठ्या कुकरात एवढीशी खिचडी तळाला लागते.

दोस्तीसाठी रविवारची सकाळ वापर. पांडवलेणी चढायला सोबत कुणाला तरी विचार, उतरल्यावर मिसळ ठरलेलीच. दर आठवड्याला तीच वेळ ठेवलीस तर माणसं टिकतात. ‘भेटू कधीतरी’ म्हटलं की संपलंच.

पहिल्या डेटला मात्र मिसळ नको. तर्री कपड्यांवर उडते, बाहेर नंबर लावून लोक उभे, बोलणार कधी? कॉलेज रोडवरचा एखादा शांत कॅफे, संध्याकाळी सहा, तासभर पुरे. आपापल्या गाडीने या, कुठे आहात ते एका मित्राला कळवा. वायनरी नंतर कधीतरी. ती गावाबाहेर, रात्री परतीची रिक्षा मिळता मिळत नाही, आणि वाईन घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही. बिल निम्मं-निम्मं, ते ऑर्डर देतानाच बोलून घे.