घाटातली मालगाडी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: घाट चढताना मालगाडीच्या मागेही इंजिन का जोडतात? सगळी पुढेच का नाही लावत?

उत्तर: आधी हिशेब पाहू. इंजिनांसह ४००० टनांची गाडी १:५० चढावर (५० मीटरमागे १ मीटर चढ) असेल, तर नुसता चढच तिला ८० टन जोराने मागे ओढतो. चढ कसारा–इगतपुरीसारखा १:३७ असेल, तर १०८ टन. चाकांचा आणि वळणांचा विरोध वेगळाच. सहा ॲक्सलचे (चाकांच्या सहा जोड्यांचे) १२० टनी इंजिन कोरड्या रुळांवर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के, म्हणजे ३६ टन ओढ देते. तेव्हा १:५० साठीसुद्धा तीन इंजिने हवीत. तिन्ही पुढे लावली, की जवळजवळ सगळा ताण पहिल्या वॅगनच्या कपलरवर (वॅगन जोडणाऱ्या सांध्यावर) येतो. तो टिकला तरी वळणावर ताणलेली गाडी सरळ व्हायला बघते आणि हलक्या, रिकाम्या वॅगन आतल्या बाजूला कलंडू शकतात.

दोन पुढे आणि एक बँकर (मागून ढकलणारे इंजिन) मागे, असे लावले की पुढच्या कपलरचा ताण सुमारे एक तृतीयांशाने उतरतो. गाडीच्या मागच्या भागात मग एक कपलर असा येतो, की तिथे ओढही नाही आणि रेटाही नाही. त्यामागच्या वॅगन ढकलल्या जात असतात. म्हणून बँकरच्या लगेच पुढे रिकाम्या वॅगन नकोतच: पुढच्या इंजिनांचा जोर अचानक कमी झाला, तर मागचा रेटा वळणावर त्यांना उचलून बाहेर टाकू शकतो. हे गाडी जोडतानाच पाहायचे असते.

प्रश्न: चाके घसरू लागली की पकडीसाठी लगेच रुळांवर वाळू सोडायची ना?

उत्तर: नाही. आधी जोर कमी करून घसरण थांबवा, मग वाळू. गरगर फिरणाऱ्या चाकाखाली वाळू गेली तर ते एकदम पकड घेते आणि त्या हिसक्याने कपलर तुटू शकतो. वाळू कोरडीच हवी. ओलसर वाळू नळीतच अडकते.

प्रश्न: ब्रेक असूनही उतारावर गाडी हाताबाहेर कशी जाते?

उत्तर: बहुधा चूक माथ्यावरच झालेली असते. पहिल्या उत्तरातलीच ४००० टनांची गाडी १:५० उतारावर ताशी २५ किमी वेगात धरून ठेवायची, तर सतत सुमारे ५ मेगावॉट शक्ती जिरवावी लागते. वेग दुप्पट, तर तीही दुप्पट. काही भार इंजिनाचा डायनॅमिक ब्रेक (मोटरी जनित्रासारख्या फिरवून वेग रोखणारा) घेतो, बाकीची उष्णता चाकांवरच्या ब्रेक ब्लॉकमध्ये जाते, आणि फार तापलेल्या ब्लॉकची पकड कमी होते. त्यातच ब्रेक पुन्हा पुन्हा लावला-सोडला, तर एका ब्रेक पाइपवर चालणाऱ्या गाडीत वॅगनखालच्या ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरायला वेळच मिळत नाही आणि ब्रेकचा जोर घटतो. शेवटच्या वॅगनची टाकी तर सर्वांत उशिरा भरते. म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करा, डायनॅमिक ब्रेक आधी घ्या, आणि हवेचा ब्रेक एकदा हलका लावून तसाच राहू द्या.