‘बंपर जरा घासला होता’ हे कागदावर येऊ द्या

नमस्कार, मेसेज वाचला. ओळखीतल्या माणसाकडून सेकंडहँड गाडी घेताय, तो म्हणतो बंपर जरा घासला होता, तुमच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर उजवा एप्रन (बॉनेटखाली चाकावरचा आतला पत्रा) ठोकून सरळ केलेला दिसला, आणि करारनाम्यात त्याला ‘गाडी आहे त्या स्थितीत विकली’ एवढंच लिहायचंय. घ्यायची का, आणि पुढे काही निघालं तर केस करता येईल का, असं विचारलंत.

केसचं आधी सांगतो. एप्रनचं तुम्हाला आता कळलंय ना, मग उद्या त्यावरूनच ‘फसवलं’ म्हणता येणार नाही, कारण माहीत असून घेतली तर फसवणूक कसली. जे अजून माहीत नाही त्याचाच प्रश्न आहे. त्यात 1872 च्या करार कायद्याचं कलम 17 बघा, नुसतं गप्प बसणं सहसा फसवणुकीत धरत नाहीत, मुद्दाम लपवलं किंवा विचारल्यावर धडधडीत खोटं सांगितलं तर धरतात. म्हणजे तुम्ही विचारलंच नाही तर तो सुटला! लोक फोनवर तासभर बोलतात आणि पुरावा म्हणून दाखवायला एक ओळ नसते, मी तर आता कंटाळलोय हे बघून.

म्हणून आजच व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. ठोकर कधी बसली, काय काय बदललं, एअरबॅग उघडल्या होत्या का, इन्शुरन्स क्लेम घेतला का, टोटल लॉस धरली होती का (दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की सहसा तसं धरतात). क्लेमचे कागद आणि सर्व्हिस सेंटरची जॉबकार्डं त्यालाच काढून आणायला सांगा, मालक तोच आहे.

गाडीवर एक गोष्ट स्वतः बघा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तर कोणीतरी तो बंद केलेला असू शकतो, आणि ते डेंटिंगपेक्षा फार वाईट. चॅसी नंबर आरसीशी जुळवा, त्याच्या आसपास कापून वेल्डिंग केलेलं दिसलं तर विषय संपला, घेऊ नका. पिलर, म्हणजे छत पेलणारा खांब, कापलेला असेल तरी तेच.

ग्राहक आयोगात जाऊ म्हणालात, पण तो डीलर नाही, स्वतःची एक गाडी विकतोय, तिथे तक्रार टिकणं अवघड. डीलर असता तर 2019 च्या कायद्याखाली दोन वर्षांत जाता आलं असतं. इथे दिवाणी कोर्ट, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं मुदत, पण निकालाला किती वर्षं जातील ते विचारू नका.

घेतलीत तर गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म 29, 30 लगेच, गाडीवर त्याचं लोन असेल तर ते उतरवायचा 35 पण, आणि 14 दिवसांत इन्शुरन्स नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

माझं मत, नुसता एप्रन असेल आणि बाकी सगळं नीट निघालं तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. ‘आहे त्या स्थितीत’ लिहू दे त्याला, पण त्याच्याखाली स्थिती काय ते ओळीने लिहून सही घ्या, ‘वरील व्यतिरिक्त अपघात नाही’ या वाक्यासकट. त्या वाक्यावर सही द्यायला का कू करायला लागला तर टोकन देऊ नका.