बॅराच्या पुळणीवरचा विमानतळ

तुमचे दोन प्रश्न आहेत. ग्लासगो–बॅरा विमानाची वेळ रोज वेगळी का दाखवतात, काही चूक आहे का? आणि वाळूवर विमान उतरवणं हा पर्यटकांसाठी केलेला स्टंट असेल तर सत्तरीच्या आईबाबांना त्यात बसवावं का? मी मूळचा दापोलीकडचा, गेली 14 वर्षं ग्लासगोत आहे आणि बॅराला तीनदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वेळापत्रक बरोबर आहे. ते भरती-ओहोटी पाहूनच बनवतात. बॅरा हे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांच्या दक्षिण टोकाकडचं बेट. त्याच्या उत्तर बाजूला ट्राय व्होर नावाची रुंद, सपाट पुळण आहे. तिथल्या गेलिक भाषेत या नावाचा अर्थच ‘मोठी पुळण’. तीच धावपट्टी. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी तिच्यावरून जातं. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, आणि तिच्या मागोमाग विमानाचीही. आमच्याकडे कोळी तिथी बघून होडी काढायची वेळ ठरवतात, तसंच हे. भरतीत बुडणाऱ्या वाळूवर नियमित प्रवासी विमानं उतरतात असा जगात हा एकच विमानतळ आहे.

वाळूत चाक रुतत नाही का, हा पुढचा प्रश्न येणारच. कर्द्याच्या किनाऱ्यावर गाडी नेली असेल तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. वरच्या कोरड्या वाळूत गाडी फसते, पण नुकतंच पाणी ओसरलेल्या ओल्या वाळूवर झकास पळते. ट्राय व्होरच्या वाळूत शिवाय कॉकलच्या शिंपल्यांचा चुरा मिसळलेला आहे (कॉकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत भावंडं), त्यामुळे ती आणखी घट्ट बसते. बेटावरचे लोक आजही तिथे शिंपल्या वेचतात.

पुळणीवर एक नव्हे, तीन धावपट्ट्या आहेत: 846, 799 आणि 680 मीटर. त्यांची टोकं लाकडी खांबांनी दाखवलेली आहेत. आखणी त्रिकोणी आहे, आणि मला या विमानतळाचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं ते इथे. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं, आणि अटलांटिकमधल्या बेटावर वारा कधी कुठून येईल सांगता येत नाही. पुळण रुंद असल्यामुळे वारा बघून पट्टी निवडता येते. डांबरी पट्टी बांधली असती तर माझ्या मते एकाच दिशेची परवडली असती, आणि आडवा वारा सुटला की विमान रद्द.

आता स्टंटबद्दल. इथे 1933 साली पहिलं विमान उतरलं आणि 1936 मध्ये विमानतळाला रीतसर परवाना मिळाला. तेव्हा पर्यटक कुठले? बेटावर हजार-बाराशे लोक राहतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ओबान बंदराहून बोटीने यायला पाच तासांच्या आसपास लागतात, विमानाला ग्लासगोहून सव्वा तास. मोठं इस्पितळ ग्लासगोत, म्हणून या मार्गाला स्कॉटिश सरकार पैसे देतं. दुसऱ्या खेपेला माझ्या शेजारी एक आजी होत्या, डोळ्याचं ऑपरेशन करून घरी निघालेल्या. विमान टेकलं, खिडकीवर पाण्याचा फवारा उडाला, मी मान वाकडी करून बघत होतो आणि त्या शांतपणे पर्समध्ये घराची किल्ली शोधत होत्या. त्यांच्यासाठी ती एसटी होती. रात्री कुणी अत्यवस्थ झालं तर पुळणीवर गाड्यांचे दिवे लावून रुग्णविमान उतरवल्याच्या घटनाही आहेत, कारण धावपट्टीवर कायमचे दिवे बसवताच येत नाहीत.

कारभार छोटा पण काटेकोर आहे. विमान यायच्या आधी माणसं वाळू तपासून येतात. इमारतीत वाऱ्याची आणि हवामानाची माहिती वैमानिकाला देणारा अधिकारी असतो, अग्निशमनाची गाडी सज्ज असते. एरवी पुळण सगळ्यांना खुली असते, पण वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी वातदर्शक वर चढवलेला दिसला की विमानतळ चालू आहे, वाळूवर पाऊल टाकायचं नाही. हे आईबाबांना आवर्जून सांगा.

विमान 19 आसनी ट्विन ऑटर, लोगनएअर ही कंपनी चालवते. चाकं आत न जाणारी, कमी अंतरात उतरणारं आणि उडणारं. खारं पाणी धातू खातं म्हणून ते गोड्या पाण्याने धुवावं लागतं. आत आवाज बराच होतो, बाबांना कानात घालायला कापूस द्या. चढायला अरुंद शिडी आहे, आईंचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच कळवा. उतरल्यावर ओल्या वाळूवरून इमारतीपर्यंत चालायचं असतं, तेव्हा चपला नकोत, बूट घालू द्या. सामान बाहेर बसथांब्यासारख्या निवाऱ्यात आणून ठेवतात, तिथूनच उचलायचं.

पहिल्या खेपेला धुक्यामुळे आमचं परतीचं विमान रद्द झालं होतं. ओहोटी गेली की धुकं निवळूनही उपयोग नसतो, पुढच्या ओहोटीची वाट बघावी लागते. म्हणून बॅराहून निघायच्या दिवशीच लंडन-मुंबईचं तिकीट काढू नका, मध्ये दोन दिवस ठेवा. आणि जाताना खिडकीजवळची जागा आईंना द्या.