रात्री साडेदहाची ती तोंडी परीक्षा

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, सीईटी देणार आहे. साडेअकराला झोपतो, पहाटे साडेचारला मी उठवते. तरी वाचलेलं लक्षात राहत नाही. दुकानातून चार वस्तू सांगितल्या तर दोन विसरतो. रात्री साडेदहाला दिवसभराचा अभ्यास विचारते, तर गप्प उभा राहतो. बदाम, ब्राह्मीचं सिरप चालू आहे. स्मरणशक्ती कशी वाढवावी? – एक आई

ताई, ‘गप्प उभा राहतो’ हे वाचून मी थांबले. कॉलेज, क्लास करून दमलेलं पोर झोपायच्या वेळी उभं, आणि समोर आई वही उघडून बसलेली. आता आई काय म्हणेल, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत असणार. सूत्र आठवायचं कुठून? ही तोंडी परीक्षा आजच बंद करा.

आणि पाच तासांची झोप? या वयाला आठ ते दहा तास लागतात. दिवसा वाचलेलं झोपेतच पक्कं होतं. पहाटे उठवून तुम्ही नेमकं तेच मोडताय. सिरपाने ते भरून येणार नाही.

स्मरणशक्ती कमी, हा तुमचा समज मात्र काढून टाका. ऐकलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरायची जागा सगळ्यांचीच लहान असते. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये साधारण सात गोष्टी म्हटलं, नंतरच्या संशोधकांनी चारवर आणलं. वाणसामानाची यादी चिठ्ठीवर द्या, विषय संपला. अभ्यासाचं वेगळं. पुन्हा पुन्हा वाचलं की ‘आलं’ असं वाटतं, आणि तिथेच मुलं फसतात. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत लिहिणारे. म्हणून त्याने धडा वाचून पुस्तक मिटावं, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरावं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी. तपासायचं त्याने, तुम्ही नाही.

अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत, तुमचाही. सीईटीत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेवढं त्याला माहीत असू द्या. पुरेशी झोप मिळूनही महिनाभरात फरक पडला नाही, किंवा तो उदास, एकटा राहू लागला, तर डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. त्याला काय शिकायचंय, कशाची भीती वाटते, काहीच कळलं नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.